लॅबोरेटरीत पास

बाळारामदादांनी मला तपासायला दिलेली बाटली मी कधी तपासलीच नाही. हे मी आजवर घरात बोललेलो नाही, ऑफिसात तर नाहीच. लिहायला बसलो तेव्हाही वाटलं होतं, आधी दादांच्या टेस्टरबद्दल चार मजेशीर गोष्टी लिहाव्यात आणि बाटलीचं पुढे कुठेतरी उरकून टाकावं. पण उरकायचं म्हणून पुढे ढकलत ढकलतच इथवर आलोय. म्हणून ते आधी लिहिलं. आता टेस्टर.

टेस्टर म्हणजे वायरमनचा, पारदर्शक मुठीचा, आत इवलासा दिवा असलेला. दादा वीज खात्यात वायरमन होते. निवृत्त झाले, पण टेस्टर काही खिशातून निवृत्त झाला नाही. लोक पेन लावतात तसा तो त्यांच्या शर्टाला लावलेला असतो आणि कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी ते तिला टेस्टर लावतात. नळाला, फ्रीजला, लोखंडी गेटला लावतात हे समजू शकतं. पण दादा भोपळ्याला लावतात. पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईच्या खोक्याला लावतात. झाडाचं पान तोडायच्या आधी देठाला लावतात. मी जुईनगरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये खोली बघायला गेलो, तेव्हा त्यांनी तो माझ्या खांद्याला लावला होता. दिवा लागला नाही.

"चालंल," ते म्हणाले. "सप्लाय हाय ना?"

हा त्यांचा नमस्कार. बरं आहे का, जेवलात का, मुलं कशी आहेत, या सगळ्याला मिळून तेवढाच एक प्रश्न. माणसांची वर्गवारीही त्याच खात्यातली. तळमजल्यावरचे जोशी सारखे चिडतात, तर त्यांचा न्यूट्रल ढिला. दुसऱ्या मजल्यावरचा सुनील नोकरी सोडून घरी बसला, तर त्याचा मीटर चालू हाय पन घरात उजेड नाय. मी मूळचा सांगलीकडचा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात वनस्पतींचे अर्क तपासायच्या कामाला. हळदीच्या अर्कात कर्क्युमिन किती, अश्वगंधेत काय किती, हे यंत्रावर बघायचं आणि सही करायची. दादांनी ते एकदा ऐकलं आणि माझं नावच विसरले. त्या दिवसापासून मी 'लॅबोरेटरी'. माझी बायको 'लॅबोरेटरीनबाय'. तिला ते का आवडायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

दादा आगरी. जुईनगर हे नाव स्टेशन आलं तेव्हाचं, दादांचं गाव त्याच्या किती तरी आधीचं. "तुमी गाडी लावतांव ना, तयं आमचा मीठ पिकायचा," असं ते भाडेकरूंना सांगायचे. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. जमीन गेली, गावठाणातला तुकडा राहिला, त्यावर तीन मजले चढले. वर गच्ची. आणि गच्चीवर ते जंगल, जे हिराबाय आजारी पडेपर्यंत तिथं नव्हतं.

हिराबाय म्हणजे दादांची बायको. गावात त्यांना दादांपेक्षा जास्त मान. त्या धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत सगळं धवलारीण गाऊन लावते. तिचं गाणं, म्हणजे धवला, हाच विधी. ती चुकली तर लग्न चुकलं. हिराबाय आसपासच्या सगळ्या गावांत जायच्या, आणि त्यांचा आवाज असा की लाउडस्पीकरवाला आपणहून बटण बंद करायचा. घरी मात्र दोघांचं बोलणं ऐकावं तर ऐकणाराच दमावा. त्या बोलणार, दादा 'हूं' म्हणणार. "याना बोलायला पैलं कनेक्शन द्यावा लागतं," असं त्या म्हणायच्या.

एका हळदीत गाता गाता त्यांची जीभ जड झाली. शब्द घसरले. बसलेल्यांपैकी कुणीतरी मागून म्हणालं, हळदीची जरा जास्तच झाली वाटतं. मंडप हसला. हिराबायनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. त्यांनी धवला पुरा केला, खाली उतरल्या, आणि चपला हातात घेऊन तशाच घरी आल्या. पुढचे काही महिने तपासण्यांत गेले. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: मोटर न्यूरॉन डिसीज.

आजार हा असा, की मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या ज्या पेशी असतात त्या एकेक करून मरत जातात. बुद्धी शाबूत, डोळे शाबूत, पण जीभ, घसा, हात, शेवटी श्वास यांना निरोपच पोचत नाही. औषधानं वेग थोडा कमी होतो, इतकंच. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "म्हंजे मोटर चांगली हाय. केबल जलतंय." त्या तरुण बाई म्हणाल्या, "हो काका. फक्त ही केबल बदलता येत नाही."

"बदलायची नाय," दादा म्हणाले. "इन्सुलेशन करायचा."

तिथून गच्चीचं जंगल सुरू झालं. कुणीतरी मोबाईलवर पाठवलेल्या व्हिडिओत सांगितलं होतं की काही वनस्पतींमधले घटक या पेशींना वाचवतात. दादांना 'घटक' हा शब्द आवडला नाही, ते त्याला 'मसाला' म्हणायचे. हळदीतला मसाला, चहाच्या पानातला मसाला, अश्वगंधेतला मसाला. रंगाचे डबे, फुटके ड्रम, वॉशिंग मशीनची टाकी, जे मिळेल त्यात झाडं आली. पाडलेल्या एका इमारतीतून त्यांनी एक कमोड आणला आणि त्यात ब्राह्मी लावली, कारण ओल टिकते. ती ब्राह्मी फार छान आली. त्यांनी ती सगळ्या मजल्यांवर वाटली. कुणी घेईना, तेव्हा खरोखर दुखावून म्हणाले, "अरे, नवा हाय तो. कोन बसला पन नाय त्याच्यावर."

खाजकुयलीचं प्रकरण मात्र भाडेकरूंच्या मीटिंगपर्यंत गेलं. तिच्या शेंगांवरची लव वाऱ्यानं उडाली आणि खाली दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर बसली. दोन दिवस आख्खा दुसरा मजला अंग खाजवत होता. मी दादांना सांगितलं की तिचा अभ्यास वेगळ्या आजारासाठी झालाय, कंपवातासाठी.

"ती पन केबलच ना?"

"हो, पण वेगळी."

"शेजारची हाय," दादा म्हणाले. "शेजारी धावून येतो."

हळद ते एपीएमसी मार्केटातून आणायचे. गाळ्यावर जाऊन कांडी मोडायची, टेस्टर लावायचा, मग चावायची, आणि व्यापाऱ्याला विचारायचं, किती टक्के? व्यापारी विचारायचा, कशाचे? "ते तुना नाय कलनार," असं म्हणून पुढच्या गाळ्यावर. त्या वर्षभर दादांचे दात, ओठ, बोटं पिवळी होती. अनोळखी माणसं विचारायची, काका, घरात कुणाचं लग्न आहे का?

दादा मला रोज विचारायचे आणि मी त्यांना खरं तेच सांगायचो, हे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढचं त्यामुळे जास्त वाईट दिसतं. मी सांगायचो की हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसलेलं आहे. वनस्पतींमधले काही पदार्थ पेशींची जळजळ कमी करतात, त्यांना थोडा जास्त वेळ जिवंत ठेवतात. माणसांत ते सिद्ध झालेलं नाही.

"उंदीर बरा झाला?"

"बरा नाही. काही उंदीर थोडे जास्त जगले."

"किती खाल्ला व्हता त्यानं?"

"दादा, उंदीर आणि माणूस..."

"हिरा उंदरापेक्षा मोठी हाय. डोस वाढवू."

एका रविवारी सकाळी दादा माझ्या दारात उभे राहिले. हातात सरबताची जुनी बाटली, आत पिवळट हिरवा दाट काढा. सगळ्या गच्चीचा अर्क. म्हणाले, "तुझ्या मशीनमदी घाल. ती उंदराची भानगड मना नको. यात मसाला उतरलाय का नाय, तेवढाच सांग."

बाहेरचा नमुना आमच्या यंत्रावर घालायला सक्त मनाई होती. नाही म्हणायला हवं होतं. मी बाटली घेतली. ऑफिसच्या खणात ठेवली, दोन-तीनदा खण उघडला आणि मिटला. माझा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. आमच्याकडे कमी बोलणाऱ्याला सज्जन समजतात, आणि मीही स्वतःला तेच समजत आलो होतो. पुढे बाटलीत बुरशी धरली. मी ती बेसिनमध्ये ओतली, बाटली धुऊन पिशवीत घातली, आणि संध्याकाळी परत द्यायला वर गेलो. काय सांगायचं ते जिन्यात ठरवलं होतं: यंत्र बिघडलंय.

दार उघडं होतं. हिराबाय खुर्चीत बसल्या होत्या. तोवर त्यांचं बोलणं पुरतं गेलं होतं. दादांनी मला काही विचारलंच नाही, त्यांनी हिराबायना सांगितलं, "आला बघ, रिझल्ट आला." आणि हिराबायनी माझ्याकडे मान वळवली. मला त्या नजरेचं वर्णन करता येणार नाही, आणि मी करणारही नाही. मी म्हणालो, "सापडलं. चांगलं उतरलंय."

दादांनी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगभर, मार्केटभर, भावकीभर एकच वाक्य: "लॅबोरेटरीत पास झालाय."

याच्यानंतर काही आठवड्यांनी मी त्यांना गाडीतून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरीणबाई इंग्रजीत काही बोलल्या तर असावा म्हणून दादांनी मला आत बसवून घेतलं. बाईंनी स्वच्छ मराठीतच सांगितलं. गिळणं आता धोक्याचं होत चाललंय. पोटातून थेट जठरात एक नळी बसवू, छोटी शस्त्रक्रिया आहे. आत्ता श्वास चांगला आहे, आत्ताच करायला हवी. पुढे छातीचे स्नायू दमले की भूल देणं अवघड होईल. कपड्याखाली झाकली जाते, कुणाला दिसत नाही.

हिराबायनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि हो म्हणून मान हलवली.

दादा म्हणाले, "आमचा कोर्स चालू हाय. हा लॅबोरेटरीचा मानूस, यानं तपासलाय. पावसाला गेला का बघू."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. टेबलावर प्लास्टिकचा मणका होता. मी त्याचे मणके बघत बसलो. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. दादा चिडले असते, हिराबायसमोर मी खोटा पडलो असतो, एवढंच झालं असतं. मी बोललो नाही.

पावसाळा गेला तेव्हा श्वास उतरला होता. बाई म्हणाल्या, आता पोटातल्या नळीचा धोका फार आहे, नाकातून घालू. नाकातून नळी घालून, ती गालावर पट्टीनं चिकटवून हिराबाय घरी आल्या. तोवर त्या रोज संध्याकाळी दारात बसायच्या. येणारी-जाणारी बाई थांबायची, त्यांच्या हाताला हात लावून जायची. त्या दिवसापासून त्यांनी दारात बसणं सोडलं. कुणी आलं की पदर तोंडावर ओढून घ्यायच्या, आणि पुढे हात उचलेना तेव्हा डोळ्यांनी दादांना सांगायच्या, दार लाव. लग्नाची वरात गल्लीतून गेली की खिडकीही. ज्या बाईला पाहून मांडव उभा राहायचा, तिनं शेवटचे महिने बंद खोलीत काढले. जाताना फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. आधीचा धरत नाहीत.

त्यांच्या मागे दादा झाडं काढून टाकतील असं आम्हाला वाटलं होतं. उलट वाढली. मोबाईलवर कुणाकडून कुणाकडे बातमी जाऊन लोक यायला लागले, याच आजाराच्या पेशंटांचे नातेवाईक. दादा फुकट रोपं द्यायचे, काढा करायची रीत सांगायचे. मी संध्याकाळी गच्चीवर जाणं सोडलं होतं. एकदा पाण्याची टाकी भरली का बघायला गेलो, तर कळंबोलीचा एक माणूस आला होता. त्याच्या थोरल्या भावाला हाच आजार. हातात रिकामी पिशवी. दादा त्याला हळदीचे कंद देत होते आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, हा बघा, यानंच तपासलाय, पास हाय.

तो माणूस माझ्याकडे वळला. म्हणाला, "सर, डॉक्टर पोटात नळी घाला म्हणतायत. हे चालू केलं तर थोडं थांबलं तर चालेल ना?"

मी म्हणालो, "थांबू नका. उद्याच नळीचं ठरवून टाका."

"का रे?" दादा म्हणाले.

"मी ती बाटली यंत्रात घातलीच नव्हती, दादा. ओतून टाकली. खोटं सांगितलं मी."

दादांच्या हातात पाण्याचा पाइप होता. त्यांनी तो एका ड्रममधून काढून दुसऱ्या ड्रममध्ये ठेवला. ड्रम भरेपर्यंत आम्ही तिघंही पाण्याकडे बघत होतो. मग ते त्या माणसाला म्हणाले, "हा बोल्लाय तसा करा. हा लॅबोरेटरीतला हाय." पिशवीतले कंद त्यांनी परत घेतले नाहीत. "भाजीत घाला," म्हणाले.

तो गेल्यावर मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. दादा कठड्यावर टेकले.

"पोटावर हात ठेवायची रं ती," ते म्हणाले. "घरी आल्यावर पन. नली घाला बोलायची. मी बोल्लू, थांब, पास झालाय."

पुढचं ते माझ्याशी बोलत होते की झाडांशी, ठाऊक नाही. काढा पातळ देऊ नका असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, म्हणून दादा त्यात तांदळाचं पीठ शिजवून घट्ट करायचे आणि चमच्यानं भरवायचे. एक चमचा गिळायला तिला फार वेळ लागायचा. तेवढ्या वेळात बोलायचं काय? दादांना तर बोलायची सवय नाही. म्हणून ते धवला म्हणायला लागले. आयुष्यभर मांडवाच्या कडेला बसून ऐकलेला, तसा मोडकातोडका. धवले बायकांचे, पुरुषानं म्हणायचे नसतात. दार लावून म्हणायचे.

"एक चमचा, मंग धवल्याची एक ओल. चुकलू का डोलं मिटायची. पुन्ना म्हनायचू. बरोबर आला का उघडायची. पैल्यापासून शेवटपर्यंत घेतलं तिनं माझ्याकडून. सगलं येतान मना आता. कुनाला म्हनू?"

मी उभाच होतो. ते म्हणाले, "तू पास नाय बोल्ला असतास तर काढा बंद केला असता मी. मंग त्या गाना पन नसता झाला." हे त्यांनी मला मोकळं करायला म्हटलं की त्यांना खरंच तसं वाटत होतं, मला माहीत नाही. मी ते माफी म्हणून घेतलेलं नाही. गाणं नळी घालूनही म्हणता आलं असतं.

वर्षश्राद्धाला रजनी आली. दादांची एकुलती एक मुलगी, खांदेश्वरला दिलेली. आईच्या आजारात ती सतत सांगत होती की नळी घाला, आणि दादांनी ऐकलं नाही. आई गेल्यापासून ती बापाशी बोलत नव्हती. विधी झाला, पंगत बसली. मी वाढायला होतो. रजनी जेवायला बसेना. भावकीतल्या एका म्हातारीनं आग्रह केला, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "या घरात माझ्या आईच्या पोटाचा कोनी ऐकला नाय. मी कशाला जेवू?"

पंगत थांबली. माझ्या हातात भाताचं भांडं होतं. मी दादांच्या समोरच उभा होतो. दादांनी वर पाहिलं नाही.

"माझा हट्ट व्हता," ते म्हणाले. "बाकी कुनाचा नाय." आणि मला पानाकडे बोट दाखवून म्हणाले, "वाढ."

मी वाढलं.

रजनी पाणीही न पिता गेली. त्यानंतर तिनं फोन केलेला नाही. दादा अजून मला जिन्यात भेटतात, सप्लाय हाय ना विचारतात, आणि मी हो म्हणतो. गच्चीवर त्या दिवशी काय बोलणं झालं ते त्यांनी भावकीत सांगितलेलं नाही, तिलाही नाही. मी सांगावं असं त्यांनी मला एकदाही सुचवलेलं नाही.

हे छापून आलं तर कदाचित तिच्या वाचनात येईल. पण तिनं वाचलं म्हणजे मी सांगितलं असं होत नाही. खांदेश्वरला तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून, नळी का थांबली ते मला सांगायचं आहे. ते अजून राहिलेलं आहे.